चाकापुढचा धोंडा आणि गळकी बॅटरी

कोणाच्याही वस्तीवर जा. छोटा ट्रॅक्टर अंगणात सपाटीला न लावता उताराला लावलेला दिसला आणि चाकापुढे धोंडा दिसला, की न विचारता ओळखावे, बॅटरी गेली आहे. मालक हसत सांगतो, "सेल्फ घेत नाही हो. सकाळी धोंडा काढायचा, गिअरमध्ये सोडायचा, की लागला चालू." अशा रीतीने दोन-दोन हंगाम निघतात. बॅटरीचे तीन-चार हजार वाचले म्हणून घरात समाधान असते. पण तोच धोंडा एखादे दिवशी खेळणाऱ्या पोराने काढला तर काय, हा विचार कोणी करत नाही.

नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर) हे छोटे ट्रॅक्टर आता जागोजागी दिसतात. संगमनेर, राहाता, पारनेरकडच्या डाळिंबाच्या बागांत दोन ओळींच्या मधून मोठा ट्रॅक्टर जात नाही. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही. मग पंधरा-वीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, त्यालाच फवारणीचा ब्लोअर आणि त्यालाच रोटाव्हेटर. घराची सगळी शेती या एका यंत्रावर येऊन थांबते. पाऊस उघडलेला, डाळिंबावर तेल्याची भीती, औषध कालवून ठेवलेले आणि चावी फिरवली तर नुसते 'टक्-टक्'. त्या एका सकाळची किंमत बॅटरीपेक्षा किती तरी जास्त असते.

बॅटरी मरते कशाने?

शिसे आणि गंधकाच्या आम्लावर चालणारी ही बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधली. आजही तत्त्व तेच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा आणि त्यांच्यावर पातळ अ‍ॅसिड. एक कप्पा साधारण दोन व्होल्टचा. सहापैकी एक जरी कामातून गेला तरी सेल्फ फिरत नाही.

बागेतल्या ट्रॅक्टरचे दुखणे वेगळे आहे. उसाच्या हंगामात ट्रॉली ओढणारा मोठा ट्रॅक्टर रोज पळतो आणि त्याची बॅटरी भरत राहते. छोटा मात्र आठ दिवस जुंपलेला, मग महिना-महिना शेडमध्ये उभा. उभी बॅटरी आपोआप उतरते आणि उन्हाळ्याच्या कडाक्यात जास्तच लवकर उतरते. उतरलेली तशीच पडून राहिली की प्लेटांवर कडक पांढरट थर धरतो. तो एकदा पक्का झाला की नंतर कितीही चार्जिंग केले तरी बॅटरी पूर्वीसारखी होत नाही.

दुसरे कारण पाण्याचे. बॅटरीतले पाणी उडते, अ‍ॅसिड उडत नाही. म्हणून पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल वॉटर घालायचे. आपल्याकडे मात्र हाताला येईल ते पाणी ओततात. प्रवरा आणि मुळा कालव्यांच्या पट्ट्यात किती तरी विहिरी-बोअरांचे पाणी क्षारांचे आहे. हंड्याला जो पांढरा थर बसतो तोच बॅटरीच्या प्लेटांना बाधतो. पिण्यासाठी शुद्ध केलेले जारचे पाणीही यासाठी चालत नाही. काही जण 'जोर येईल' म्हणून दुकानातून अ‍ॅसिड आणून घालतात. त्याने दोन दिवस जोर आल्यासारखे वाटते आणि प्लेटा झडतात.

तिसरे कारण हौसेचे. ट्रॅक्टरबरोबर आलेली बॅटरी सेल्फ आणि मोजके दिवे एवढ्याच हिशेबाची असते. तिच्यावर चार जादा दिवे आणि गाण्यांचा मोठा डबा जोडला, इंजिन बंद करून तासभर गाणी ऐकली, तर सकाळी ती काय सेल्फ फिरवणार?

गळते कुठून?

गळती दिसली की बॅटरी लगेच फेकायची गरज नाही. आधी ती कुठून गळते ते बघावे.

टोपणांच्या आसपास ओल असेल तर बहुधा पाणी जास्त भरलेले असते. चार्जिंग होताना बुडबुडे येतात आणि अ‍ॅसिडमिश्रित पाणी वर येते. ट्रॅक्टर उताराला लावलेला असेल तर काठोकाठ भरलेला कप्पा एका बाजूने आपोआप सांडतो. प्लेटांच्या वर बोटाच्या एका पेराहून कमीच पाणी असावे, आणि ते चार्जिंग झाल्यावर भरावे. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील इतके आधी घालावे.

टर्मिनलच्या बुडाशी पांढरी-हिरवी भुकटी जमत असेल तर तिथून अ‍ॅसिडची वाफ निघते आहे. टर्मिनल हातोडीने ठोकून बसवले किंवा पान्ह्याने फार आवळले की बूड ढिले होते.

खोक्याला चीर गेली असेल तर एकाच कप्प्याचे पाणी सारखे कमी होते. याचे मूळ बहुतेक वेळा ढिल्या पट्टीत सापडते. रोटाव्हेटर चालू असताना सगळा ट्रॅक्टर थरथरतो. बॅटरीची पट्टी आवळलेली नसेल, खाली रबर नसेल, तर खोके उड्या मारते. चिरलेल्या खोक्याला लांबी किंवा चिकटपट्टी लावून दिवस काढू नयेत. ती बॅटरी बदलावीच लागते.

आणि बाजू फुगल्या असतील, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चार्जिंग प्रमाणाबाहेर होते आहे. ट्रॅक्टर ताबडतोब बंद करावा आणि बॅटरी गार होईपर्यंत जवळ जाऊ नये. अशा वेळी नुसती नवी बॅटरी बसवली तर तीही काही महिन्यांत फुगेल. दोष चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये आहे का, ते आधी तपासून घ्यावे.

हात लावण्याआधी

कप्प्यात पाणी किती आहे ते बघायला काडी किंवा लायटर पेटवणारे लोक आजही आहेत. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. एका ठिणगीने बॅटरी फुटते आणि अ‍ॅसिड थेट तोंडावर येते. बघायचे तर हातबत्तीने बघावे. बिडी-सिगारेट लांब ठेवावी.

बॅटरी सोडवताना इंजिन बंद, चावी काढलेली, डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे असावेत. आधी वजाची, म्हणजे बॉडीला अर्थिंग केलेली वायर सोडावी, मग अधिकची. बसवताना उलट, आधी अधिक आणि शेवटी वजा. अधिकची वायर आधी सोडू लागलात आणि पान्हा लोखंडाला टेकला तर ठिणगीचा भडका होतो.

सांडलेल्या अ‍ॅसिडवर खायचा सोडा हा घरचा उपाय चांगला आहे. लिटरभर पाण्यात चार-पाच चमचे सोडा कालवून हळूहळू ओतावा. फेस येतो. फेस यायचा थांबला की अ‍ॅसिड मेले समजावे आणि भरपूर पाण्याने धुऊन काढावे. टोपणे मात्र घट्ट लावलेली हवीत, सोडा कप्प्यात गेला तर बॅटरी बिघडते. टर्मिनल कोरडे करून घट्ट बसवावे आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. खालची पट्टी, वायरी आणि डिझेलची नळी अ‍ॅसिडने खाल्ली आहे का, तेही बघून घ्यावे.

अ‍ॅसिड डोळ्यात गेले तर चोळू नये. तूप, दूध, हळद, सोडा यांतले काहीही घालू नये. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे सोडावी आणि तसेच दवाखाना गाठावा. अंगावर उडाले तर कपडे काढून तितकाच वेळ धुवावे.

नवी आणण्याआधी

बॅटरी सहसा आपण होऊन मरत नाही. तिला मारणारे काही तरी ट्रॅक्टरमध्येच असते. ते न शोधता नवी आणली तर तिचीही तीच गत होते.

यासाठी साधा मल्टीमीटर पुरतो. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी बॅटरीचे व्होल्ट बघावेत. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलीच. चार्जिंग करूनही १०.५ च्या आसपासच राहत असेल तर एक कप्पा मेलेला समजावा. मग इंजिन चालू करून रेस वाढवावी आणि पुन्हा बघावे. साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आकडा वाढलाच नाही तर पट्टा ढिला असेल किंवा डायनामोचे काम निघाले असेल. १५ कडे जात असेल तर बॅटरी उकळते आहे.

टोपणांची बॅटरी असेल तर बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटरने प्रत्येक कप्पा तपासून घ्यावा. भरलेल्या बॅटरीत काटा १.२६० ते १.२८० दाखवतो. पाच कप्पे सारखे आणि एकच बराच खाली असेल तर दोष त्या कप्प्यात आहे. सगळे सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरलेली असू शकते. सावकाश चार्जिंग करून बघावे. चाळीस अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीला चार अ‍ॅम्पिअरचे चार्जिंग पुरे. घाईने जास्त करंट दिला तर प्लेटा तापतात.

बिनपाण्याच्या बंद बॅटरीला भोक पाडून पाणी घालण्याचे उद्योग करू नयेत. तिच्यावरचा हिरवा डोळा एकाच कप्प्याची खबर देतो, त्यामुळे डोळा हिरवा आहे म्हणून सगळे ठीक असे धरू नये.

अर्थिंगची वायर हमखास विसरली जाते. बॉडीला जिथे ती जोडलेली असते तिथे गंज चढतो. बॅटरी भरलेली, सेल्फ चांगला, तरी 'टक्-टक्'. वायर सोडून, जागा घासून, पुन्हा आवळली की काम होते.

जुनीचे काय?

नगरच्या एमआयडीसीत एक्साइडचा बॅटऱ्यांचा कारखाना आहे. कारखान्यात शिसे हाताळताना जी काळजी घेतात, ती वस्तीवर कोण घेणार? तरी काही ठिकाणी जुनी बॅटरी फोडून अ‍ॅसिड ओढ्यात ओततात आणि शिसे चुलीवर वितळवतात. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करतो. त्यातून मिळणारे दोन पैसे कोणत्याही हिशेबात बसत नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानात परत करावी, तिचे पैसे बिलातून वजा करून घ्यावेत आणि वॉरंटी कार्डावर तारीख व शिक्का मारून घ्यायला विसरू नये.

बाकी काम थोडे आहे. महिन्यातून एकदा पाणी बघणे, पट्टी आवळणे, टर्मिनल पुसणे. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर वजाची वायर सोडून ठेवणे आणि मधे एकदा चार्जिंग करणे. सेल्फ घेत नाही म्हणून पान्ह्याने सेल्फचे टोक शॉर्ट करून ट्रॅक्टर चालू करण्याची सवय मात्र आजच सोडावी. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर शॉर्ट करणाऱ्याच्याच अंगावर येतो.

आणि हे सगळे करून चावीवर इंजिन लागले, की पहिले काम एकच करावे. ट्रॅक्टर सपाटीला आणून लावावा, हँडब्रेक ओढावा आणि चाकापुढचा तो धोंडा उचलून बांधावर टाकून द्यावा.