हाताला गुण कधी मिळणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न घुमू लागतो : किती टक्के? मुलाने काय वाचले याची चौकशी क्वचित होते. त्याने स्वतःच्या हातांनी काय घडविले, हा प्रश्न तर कोणाच्या मनालाही शिवत नाही. तो शिवावा तरी कसा? बारा वर्षांच्या शालेय जीवनात हातांकडे बहुधा एकच काम सोपविलेले असते, ते लेखणी धरण्याचे. मेस्ताचा मुलगा रसायनशास्त्राची सूत्रे घडाघडा म्हणतो, पण बापाच्या हत्यारांना हात लावीत नाही. आणि त्याच्या या हात न लावण्याचाच बापाला अभिमान वाटतो. त्या बापाला आम्ही दोष देणार नाही. ज्या विद्येला गुणपत्रिकेत जागा नाही, तिला समाजात मान कोठून मिळावा?

या दृष्टीने इंग्लंडमधील एका विषयाची ओळख करून घेणे उद्बोधक ठरेल. तेथे शालेय शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय ‘ए लेव्हल’ परीक्षेसाठी घेता येतो. वस्तूची रचना आणि तिच्यामागील तंत्र यांचा तो अभ्यास. लाकूड, धातू, प्लास्टिक यांचे गुणधर्म, कारखान्यातील उत्पादनाच्या पद्धती, मानवी शरीराची मापे, त्यांना लागणारे गणित, आणि टाकून दिल्यावर वस्तूचे पुढे काय होते याचा विचार, हे सारे लेखी परीक्षेत येते. परंतु लेखी परीक्षेला गुण निम्मेच. उरलेले निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः उभ्या केलेल्या एका कामाला मिळतात. एखाद्याची खरी अडचण शोधावयाची, तिची चौकशी करावयाची, अनेक आराखडे काढावयाचे, पुठ्ठ्याचे वा लाकडाचे नमुने करावयाचे, वस्तू बनवावयाची, ती वापरून पाहावयाची आणि शेवटी तिच्यात काय चुकले हे स्वतःच लिहून द्यावयाचे. चूक लपविणाऱ्याला नव्हे, तर ती ओळखून सुधारणाऱ्याला जेथे गुण मिळतात, अशी परीक्षा आपल्याला नवलाची वाटली तर त्यात आश्चर्य नाही.

हाच अभ्यास आपल्या अंगणात आणून पाहू. चतुर्थीला गणपतीपुढे माटोळी बांधावयाची असते. नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळे यांनी लाकडी चौकट जड होते. घरातील म्हातारा कर्ता पुरुष स्टुलावर चढून हात वर करून एकेक जिन्नस बांधतो आणि खाली उभ्या असलेल्या सर्वांच्या जिवात जीव नसतो. समजा, बारावीच्या एखाद्या विद्यार्थिनीने हीच अडचण घेतली. चौकट खाली आणून बांधावी आणि मग वर चढवावी, अशी सोय करता येईल काय? तिला प्रथम माटोळीचे वजन काढावे लागेल. कप्पी कोठे बसवावी, दोर किती जाडीचा हवा, वाशाला भार पेलवेल का, दोर सुटलाच तर चौकट मूर्तीवर कोसळू नये म्हणून अडसर कोणता, हे ठरवावे लागेल. आजोबांना विचारावे लागेल, आणि परंपरेला धक्का न लावता काय बदलता येते याचेही भान ठेवावे लागेल. पदार्थविज्ञान, गणित, चित्रकला आणि माणुसकी हे चार विषय तिने एकाच कामात शिकलेले असतील. तिला ‘कप्पीचे तत्त्व सांगा’ हा प्रश्न पुन्हा कधी पाठ करावा लागणार नाही.

ही दृष्टी आपल्याला परकी आहे, असेही नाही. स्वयंपाकघरातील आदोळीच पाहावी. बसणाऱ्याच्या वजनानेच पाट जागच्या जागी स्थिर राहतो, त्यामुळे दोन्ही हात नारळासाठी मोकळे होतात. हे ज्याने प्रथम योजिले त्याचे नाव कोणालाही ठाऊक नाही. पण तो वस्तुरचनेचा जाणकार होता, यात शंका नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याची अशीच मनापासून वाखाणणी केली होती. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीतही या विषयाचे केंद्र निघाले. म्हणजे शिखर बांधून झाले. पायऱ्या मात्र राहून गेल्या. या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मुलाला शाळेत या विषयाचा गंध बहुधा नसतो. ज्याच्या वडिलांना खाजगी शिकवणीचे शुल्क परवडते तो पुढे जातो. कुंकळ्ळीच्या चिताऱ्याचा किंवा डिचोलीच्या कुंभाराचा मुलगा, ज्याच्या घरात ही जाण पिढ्यान्पिढ्या मुरलेली आहे, त्याला अशी वाट असल्याचे कोणी सांगतही नाही.

कोणी म्हणेल, हाताचे शिक्षण द्यावे हे आपण केव्हाच मान्य केले आहे. खरे आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीम मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापून, हाताने काम करता करता विज्ञान शिकता येते हे सिद्ध करून दाखविले. मग हे विचार समाजाच्या अंगी का लागले नाहीत? आमच्या मते त्याचे एक कारण असे, की हाताचे शिक्षण हे खेड्यातल्यांसाठी, गरिबांसाठी किंवा पुस्तकात मागे पडलेल्यांसाठी असा समज आपण होऊ दिला. आपल्या उच्च माध्यमिक शाळांत व्यावसायिक शाखा आहे; पण किती पालक तिचा विचार पहिल्याने करतात? ज्या शाखेकडे मुलाला नाइलाजाने पाठवावयाचे, तिला प्रतिष्ठा लाभत नसते.

आणि येथेच इंग्लंडचा अनुभव आदर्श म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून पाहिला पाहिजे. तेथे १९९० पासून हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला. २००४ साली चौदा ते सोळा वयोगटासाठी त्याची सक्ती उठविण्यात आली. पुढे २०१० मध्ये शाळांची प्रतवारी ज्या निवडक विषयांच्या आधारे दाखविण्याची प्रथा पडली, त्यांत हा विषय नव्हता. शाळा शहाण्या झाल्या. ज्याचे श्रेय मिळत नाही त्यावर खर्च कशाला, असा त्यांनी विचार केला. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घसरत गेली. यंत्रयुगाला जन्म देणाऱ्या देशातही, जे मोजले जात नाही ते सुकून जाते, हाच याचा अर्थ.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्यावसायिक आणि बौद्धिक शिक्षण यांतील भिंत पाडण्याची भाषा केली आहे. केंद्रीय मंडळाने या धर्तीचा एक कौशल्य विषय अकरावी-बारावीसाठी उपलब्धही केला आहे. तेव्हा आमची मागणी लहानशीच आहे. आपल्या राज्याच्या मंडळाने वस्तुरचना आणि तंत्रज्ञान हा विषय ऐच्छिक म्हणून, पण कला, वाणिज्य व विज्ञान या तिन्ही शाखांना खुला असा, थोड्या शाळांत सुरू करावा. निम्मे गुण प्रत्यक्ष कामाला द्यावेत, आणि ते एकूण टक्केवारीत धरावेत. शिक्षक कोठून आणणार, ही अडचण खोटी नाही. पण गावचा मेस्त आणि चितारी यांना मानधन देऊन वर्गात बोलावता येईल. त्यांच्या हातात कसब आहे, विद्यार्थ्याच्या मनात ‘असेच का?’ हा प्रश्न आहे. परंपरेला त्या प्रश्नाची गरज आहे, आणि त्या प्रश्नालाही परंपरेची. प्रत्यक्ष कामाच्या गुणांत लबाडी होईल, ही भीतीही खरी. तिच्यावर उपाय बाहेरच्या परीक्षकाचा आहे, विषयच न शिकविण्याचा नव्हे.

ज्या दिवशी मेस्ताचा मुलगा शाळेच्या कामासाठी बापाकडे रंधा मागेल आणि ‘बाबा, हा असा का धरायचा?’ असे विचारील, त्या दिवशी बापाच्या मनातील अभिमानाचे स्थान बदललेले असेल. ते बदलावे एवढ्यासाठी तरी गुणपत्रिकेत एक रकाना वाढविण्याचे धाडस शिक्षण खात्याने दाखवावे.