रानातल्या झाडाचं नाव शहरातल्या वस्तीला

रिओ द जानेरोच्या डोंगरउतारांवर दाटलेल्या वस्त्यांना ‘फावेला’ म्हणतात, हे सिनेमांमुळे आपल्याला ठाऊक झालं. मूळ शब्द मात्र रिओचा नाही आणि गरिबीचाही नाही. ईशान्य ब्राझीलमधल्या बाहियाच्या दुष्काळी मुलखात फावेला नावाचं झाड वाढतं. एरंडाच्या कुळातलं. बियांना तेल चांगलं, पण अंगावरची काटेरी लव लागली, तर खाजकुयली परवडली.

याच मुलखात कानुदोस इथे आंतोनियो कोन्सेल्येइरो या फिरत्या धर्मोपदेशकाभोवती हजारो गरीब माणसं येऊन राहिली. 1889 मध्ये आलेलं प्रजासत्ताक त्याला मान्य नव्हतं आणि सरकारला त्यात राजेशाहीचं बंड दिसलं. लष्कराच्या तीन मोहिमा या वस्तीने परतवल्या. चौथीने ऑक्टोबर 1897 मध्ये ती बेचिराख केली. त्या लढाईत तोफा जिथे लावल्या होत्या, ती टेकडी ‘मोरो दा फावेला’. मोरो म्हणजे टेकडी.

लढून आलेले सैनिक तेव्हाच्या राजधानीत, रिओत, उतरले आणि सरकारकडून काही मिळेल या आशेवर प्रोविदेन्सिया टेकडीवर झोपड्या घालून राहिले. ही टेकडीही मग लोकांच्या तोंडी ‘मोरो दा फावेला’ झाली. रणभूमीच्या आठवणीने की तिथेही तेच झाड होतं म्हणून, यावर एकमत नाही.

सैनिकांची कथा इतकी ऐटबाज आहे की तिच्यापुढे दुसरी झाकोळते. 1893 मध्ये पालिकेने पायथ्याजवळची ‘डुकराचं डोकं’ या नावाची मोठी चाळवस्ती पाडली. बेघर झालेल्यांतले काही जण लाकूडफाटा घेऊन त्याच टेकडीवर चढले, असं मानतात. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. मुक्त झालेल्यांना जमीन कुणी दिली नव्हती.

पुढे विशेषनामाचं सामान्यनाम झालं. 1937 च्या बांधकाम नियमावलीत हा शब्द आला, तो अशा वस्त्या हटवायच्या म्हणूनच. आपल्याकडे ‘झोपडपट्टी’ कागदावर आणि ‘वस्ती’ तोंडात, तसं तिथले बरेच रहिवासी ‘कोमुनिदाद’ म्हणतात. काहींनी मात्र ‘फावेला’च अभिमानाने मिरवला. जनगणना खातं अनेक वर्षं ‘दुय्यम दर्जाची वसाहत’ अशा अर्थाचा रुक्ष शब्द वापरत होतं. 2024 मध्ये त्याने ‘फावेला आणि शहरी समुदाय’ हे नाव स्वीकारलं. 2022 च्या जनगणनेनुसार अशा वस्त्यांत सुमारे 1 कोटी 64 लाख लोक राहतात, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या 8 टक्क्यांहून थोडे जास्त.