नव्या फुलपाखरात नेमके नवे काय?

फुलपाखराची नवी प्रजाती सापडल्याची बातमी आली की दोन समज हमखास पसरतात. एक, हे फुलपाखरू त्याआधी कुणाच्या नजरेसच पडले नव्हते. दुसरा, परसात कधी न पाहिलेल्या रंगाचे फुलपाखरू दिसले की तेही नवेच असणार. दोन्ही समज चुकीचे आहेत, कारण नवी प्रजाती नुसती दिसून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. सातबाऱ्यावर नोंद झाली म्हणून जमीन त्या दिवशी तयार होत नाही, तसेच हे आहे. तमिळनाडूतल्या मेघमलाई डोंगरांवरून ज्याचे ‘सिगारायटिस मेघमलाएन्सिस’ असे नामकरण झाले, त्या फुलपाखराचे वर्णन प्रसिद्ध होण्याआधी अभ्यासकांना ते काही वर्षे दिसत होते. वेळ गेला तो जवळच्या भावंडांशी ताडून पाहण्यात. त्यांतलेच एक, ‘सिगारायटिस व्हल्कॅनस’, दख्खनच्या कोरड्या माळांवर बोरीच्या आसपास भेटते. पंखांच्या फिकट पिवळ्या खालच्या बाजूवर काळ्या काठाचे तांबडे पट्टे आणि त्यांत चंदेरी रेघा. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी त्याचे वर्णन 1775 मध्येच केले आहे. अशा पट्ट्यांची ठेवण आणि नराच्या जननेंद्रियांची रचना यांतला फरक पुन्हा पुन्हा तसाच आढळला, तरच नव्या नावाला आधार मिळतो.

रंग वेगळा म्हणजे प्रजाती वेगळी, या समजाने तर लिनियससारख्या वर्गीकरणतज्ज्ञालाही चकवले. दौंड तालुक्यातल्या केडगावात कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते. तिचे पुढे ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखरू होते. त्याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. माद्या मात्र तीन रूपांच्या: एक नरासारखी, उरलेल्या दोन लाल ठिपके मिरवणाऱ्या. पक्षी ज्यांना विषारी म्हणून टाळतात, त्या ‘रोझ’ फुलपाखरांची ही नक्कल आहे. लिनियस यांनी 1758 मध्ये नराला एक आणि मादीला दुसरेच नाव दिले. ही रूपे एकाच प्रजातीतली आहेत, हे निसर्गअभ्यासक वॉलेस यांनी 1865 मध्ये मांडले. या नकलेमागे ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवले. म्हणजे डोळ्यांना तीन दिसणारी प्रजाती एकच निघू शकते, आणि डोळ्यांना एक वाटणाऱ्या दोनही निघू शकतात.

यावर आक्षेप येतो की आता कॅमेरे आहेत, डीएनए तपासता येतो, मग फुलपाखरू मारून टाचणीला लावायचे कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि नोंदी, गणना किंवा ओळख यांसाठी फोटो पुरतोही. पण नाव ज्याच्याशी कायमचे बांधलेले राहते, असा एक नमुना संग्रहालयात ठेवावा आणि तो कुठे आहे हे जाहीर करावे, अशी आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेची अपेक्षा असते. उद्या कुणाला शंका आली, तर तपासायला तो नमुनाच हाती असतो. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या प्रजातीचा नमुना ठरलेल्या संस्थेकडे सोपवणे बंधनकारक केले आहे. प्रौढपणी बहुतेक फुलपाखरे काही आठवडेच जगतात. त्यामुळे परवानगीने घेतलेल्या मोजक्या नमुन्यांपेक्षा अळीचे झाड नाहीसे होणे त्यांना कितीतरी महाग पडते.

उसाच्या पट्ट्यात, जंगल नसलेल्या दौंड तालुक्यात हे जाणून काय करायचे, असेही कुणी म्हणेल. परंतु जंगल नसलेला माळ म्हणजे पडीक जागा, हाही गैरसमजच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या उघड्या पठारावरून ‘सरडा सुपर्बा’ ही सरड्याची प्रजाती 2016 मध्ये वर्णन झाली. केडगावात दिसलेले अनोळखी फुलपाखरू बहुधा जुन्याच नावाचे निघेल. तरी महिना, जागा आणि अळी कुठल्या झाडावर होती, एवढे टिपून ठेवावे. ताडून पाहायला अशाच नोंदी लागतात, आणि बांधावरची बोर, बाभूळ, रुई तोडण्याआधी त्यांवर कोण जगते हेही त्यांतूनच कळते.