छोटे इंजिन उघडण्यापूर्वी

पाऊस ओसरू लागला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांमध्ये गवत कापण्याच्या यंत्रांचा आवाज सुरू होतो. खांद्याला अडकवायचे हे यंत्र वजनाने हलके आणि पेट्रोलवर चालणारे. तसेच छोटे इंजिन घाटावर फवारणी पंपाला असते, पॉवर वीडरला असते, दुकानाबाहेरच्या जनरेटरलाही असते. वर्षातले बरेच महिने ही यंत्रे पडवीत गोणपाटाखाली पडून राहतात. हंगामात बाहेर काढली की दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन काही धरत नाही. मग घरातलाच कोणीतरी पाना घेऊन बसतो. चालू यंत्राजवळ माणूस सावध असतो, बंद यंत्राजवळ निर्धास्त होतो. रुग्णालयात धाव घ्यावी लागेल असे बरेच काही या निर्धास्त अर्ध्या तासात घडू शकते.

अनेकदा इंजिन बिघडलेलेच नसते, टाकीतले पेट्रोल शिळे झालेले असते. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा! तेव्हा जुने पेट्रोल काढून टाकणे हा उपाय बरोबरच आहे. घात होतो तो काढण्याच्या पद्धतीत. नळीचे एक टोक टाकीत आणि दुसरे तोंडात.

पेट्रोल पोटात गेले तर मळमळ होते, जळजळ होते. त्याचे थोडेसे थेंब श्वासनलिकेत गेले तर मात्र प्रकरण गंभीर होते. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ असल्याने ते फुप्फुसात झपाट्याने पसरते. फुप्फुसातल्या सूक्ष्म वायुकोशांना आतून एक निसरडा थर असतो. त्यामुळे श्वास सोडल्यावर ते मिटून जात नाहीत. पेट्रोल हा थरच बिघडवते. वायुकोश मिटतात, त्यांत पाणी भरते आणि जंतूंशिवायच न्यूमोनिया होतो. फसवणारी गोष्ट म्हणजे सुरुवातीचा ठसका शमला की माणसाला बरे वाटू शकते. दम लागणे, ताप, छातीत दुखणे हे काही तासांनी सुरू होते. पहिला एक्स-रे स्वच्छ असू शकतो. म्हणूनच त्रास दिसत नसला तरी अशा रुग्णाला किमान 6 तास देखरेखीखाली ठेवतात. काही जणांना पुढे व्हेंटिलेटरही लागतो.

अशा वेळी घरात सर्वांत आधी सुचते ते मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे. नेमके तेच करायचे नाही. वर येणाऱ्या पेट्रोलला फुप्फुसात शिरण्याची ती दुसरी संधी ठरते. दूध, तूप, लिंबूपाणी यांपैकी कशाचाही उपयोग नाही. माणसाला बसते ठेवावे, तोंड नुसते खळखळून धुवायला सांगावे, पेट्रोलने भिजलेले कपडे काढावेत आणि रुग्णालय गाठावे. खरे तर गवत कापण्याच्या यंत्राची टाकी इतकी लहान असते की ती नरसाळ्यावर उपडी केली तरी काम भागते. मोठ्या टाकीसाठी रबरी फुगा दाबून तेल ओढणारी नळी बाजारात थोड्या पैशांत मिळते. काढलेले पेट्रोल शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते.

काम संपल्यावर काळे झालेले हात त्याच पेट्रोलने धुण्याची सवयही सोडायला हवी. पेट्रोलमध्ये 1 टक्क्यापर्यंत बेन्झीन असू शकते. ते कातडीतून आणि श्वासातून शरीरात जाते आणि वर्षानुवर्षे जात राहिले तर अस्थिमज्जेला अपाय करते. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. हातांना थोडे खोबरेल चोळून मग साबण लावला तरी काळेपणा निघतो.

भाजण्याचे अपघात पेट्रोलपेक्षा त्याच्या वाफेमुळे होतात. उणे 40 अंश सेल्सियसलाही पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी असते, मग आपल्या हवेत काय सांगावे! ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. पडवीत टाकी उघडी असते आणि उंबऱ्यापलीकडे चूल किंवा देवासमोरची समई तेवत असते. त्यामुळे हे काम अंगणातच करावे, तेही इंजिन बंद करून 15-20 मिनिटे थंड होऊ दिल्यावर. प्लग काढून तो इंजिनाला टेकवायचा आणि दोरी ओढून ठिणगी पाहायची, ही युक्ती अनेकांना येते. पण प्लगच्या उघड्या भोकातून त्याच वेळी पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जात असते. ठिणगी मेकॅनिककडे पाहावी. प्लग काजळीने काळा झाला असेल तर तारेच्या ब्रशने घासावा. झिजला असेल तर नवा घालावा, तो फार महाग नसतो. भाजलेच तर त्या जागेवर 20 मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई लावली की जखम किती खोल आहे ते दिसतच नाही.

पाते, गिअर किंवा अडकलेले गवत यांना हात लावण्यापूर्वी प्लगची टोपी ओढून काढावी आणि बाजूला वळवून ठेवावी. नुसते बटण बंद केल्याने भागत नाही. दोरीने सुरू होणाऱ्या या छोट्या इंजिनांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. चाकावरचे चुंबक फिरले की ठिणगी तयार होते. पाते थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेले असेल, जसे हिरवळ कापण्याच्या ढकलगाडीत असते, तर हाताने पाते फिरवणे म्हणजे दोरी ओढण्यासारखेच. बटणाची तार सैल असली तर इंजिन एक झटका देऊ शकते आणि बोटे जायला तेवढा पुरतो. खांद्यावरच्या यंत्रात क्लच असतो. त्यामुळे मंद गतीवर पाते थांबलेले दिसले पाहिजे. ते फिरतच राहत असेल तर मंद गती जास्त लावलेली आहे किंवा क्लचची स्प्रिंग गेलेली आहे. असे यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. बोट तुटलेच तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास पेशी मरतात.

बाकी देखभाल साधी आहे. टू-स्ट्रोक इंजिनात कंपनीने सांगितलेल्या मापानेच ऑइल मिसळावे. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिलिलिटर. अंदाजाने ओतलेले जादा ऑइल धूर वाढवते. फोर-स्ट्रोकचे ऑइल दर वेळी तपासावे. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी पडते, पेट्रोल अर्धवट जळते आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

फिल्टर स्वच्छ असला तरी हा वायू धुरात असतोच. त्याला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी जनरेटर चोरीला जाऊ नये किंवा भिजू नये म्हणून तो पडवीत, जिन्याखाली, अर्ध्या शटरआड ओढून घेण्याचा मोह होतो. दुरुस्तीनंतर इंजिन चालवून बघायलाही लोक खोलीच पसंत करतात. खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान 20 फूट दूर, उघड्यावर असावा आणि त्याच्यावर चारही बाजूंनी मोकळे छप्पर असावे.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ ही पहिली लक्षणे. त्यांवर पित्ताची गोळी घेऊन माणूस आडवा होतो आणि झोपेतच बेशुद्ध पडतो. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले तर पित्ताचा विचार सोडून सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि 108 ला फोन करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरला मात्र कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. त्यामुळे यंत्र 98 दाखवत असले तरी, बंद जागेत इंजिन चालू होते हे डॉक्टरांना पोहोचताक्षणी सांगावे.