काळ्या कांचेचें कुलगोत्र

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. दगडाचें कूळ मात्र अवश्य शोधावें. कारण शिलालेखांत जें कोरलेलें नसतें, तेंही कधीं कधीं त्यावरून कळतें.

मध्य अमेरिकेंतील प्राचीन माया लोकांचें उदाहरण घ्या. ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील अरण्यांत त्यांनीं टिकालसारखीं थोर नगरें वसविलीं. इ. स. २५० ते ९०० हा त्यांचा वैभवकाळ. त्या काळीं धातूचीं हत्यारें त्यांच्या वापरांत नव्हतीं. कापण्यातासण्याचीं त्यांचीं कित्येक पातीं ऑब्सिडियन नांवाच्या काळ्या कांचेचीं असत. ज्वालामुखीचा रस फार त्वरेनें थिजला म्हणजे ही नैसर्गिक कांच बनते. तिची धार पोलादासही लाजवील. परंतु टिकालची भूमि चुनखडीची. ज्वालामुखी तेथें एकही नाहीं. मग ही कांच आली कोठून?

उत्तर कांचेच्या पोटांतच आहे. तिच्यांत रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम इत्यादि मूलद्रव्यें अत्यल्प असतात व त्यांचें प्रमाण प्रत्येक उगमस्थानीं निराळें असतें. पात्यावर क्ष-किरण सोडले असतां प्रत्येक द्रव्य आपले विशिष्ट किरण उलट बाहेर टाकतें. त्यांवरून प्रमाण मोजून तें निरनिराळ्या उगमस्थानांच्या नमुन्यांशीं ताडून पाहतात. पात्यास ओरखडाही उमटत नाहीं.

अशा परीक्षांनीं ठरलें कीं, बहुतेक कांच ग्वाटेमालाच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांतील एल चायाल, इश्तेपेके व सान मार्तीन हिलोतेपेके येथील होय. टिकालास कांहीं हिरवट पातींही सांपडलीं. तीं मेक्सिको देशांतील पाचुका येथील, म्हणजे सरळ रेषेंत सुमारें १,००० किलोमीटरांवरून आलेलीं!

१९७२ सालीं नॉर्मन हॅमंड या पुरातत्त्वज्ञानें असें मत मांडलें कीं, एल चायालची कांच देशाच्या अंतर्भागांतील वाटांनीं गेली. इश्तेपेकेची मोताग्वा नदीनें समुद्रास पोंचून पुढें होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्यानें गेली. पुढें पात्यांचा काळ ध्यानांत घेतां दिसून आलें कीं, हा भेद केवळ वाटांचा नसून काळाचाही आहे. प्रथम हिलोतेपेके, वैभवकाळीं एल चायाल व अखेरीस इश्तेपेके, असा बव्हंशीं क्रम लागतो.

यांतून घ्यावयाचा बोध हाच. परीक्षेनें दगडाचें जन्मस्थान सिद्ध होतें. तो कोणी विकला, भेट दिला कीं खंडणी म्हणून धाडला, हें सिद्ध होत नाहीं. धुरावरून अग्नि आहे एवढें कळतें; तो कोणी पेटविला, यास निराळें प्रमाण लागतें.