उसनवारी की वारसा?

पूर्वजांच्या पुंजीवर जगणाऱ्या वारसाविषयी आपण फारसे आदराने बोलत नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी आज लिहिणाऱ्या संगीतकारांवर नेमका हाच आक्षेप घेतला जातो. इटलीच्या लुचानो बेरिओ यांच्या १९६८ मधील 'सिन्फोनिया'चा तिसरा भाग माहलरच्या दुसऱ्या सिंफनीच्या आधारावर उभा आहे. जर्मनीच्या योर्ग विडमन यांची 'कॉन ब्रिओ' (२००८) ही रचना बीथोवनच्या सातव्या व आठव्या सिंफनी समोर ठेवून, त्याच वाद्यसंचासाठी लिहिलेली आहे. स्वतःचे सांगण्याजोगे काही उरले नाही, म्हणून ही उसनवारी चालली आहे काय?

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला प्रथम बाजाराचे कारण सुचते. बॉमॉल आणि बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात यंत्रांमुळे दर कामगारामागे उत्पादन वाढते; सिंफनीला मात्र शतकापूर्वी जितके वादक आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. वेतन तर इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावेच लागते. खर्चाच्या या ओझ्याखाली व्यवस्थापक परिचित कृतींचा आश्रय घेतात, आणि नव्या रचनेला जुन्या सिंफनीच्या शेजारी जेमतेम जागा मिळते.

परंतु एवढ्याने प्रश्न सुटत नाही. बेरिओ यांचीच 'रेंडरिंग' (१९८९-९०) ही कृती पाहावी. १८२८ साली, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी शुबर्टचे निधन झाले, तेव्हा एका सिंफनीची टिपणे अपुरी राहिली होती. बेरिओ यांनी ती शुबर्टच्या काळाला साजेल अशा वाद्यरचनेत बसवली. पण टिपणे जिथे तुटतात तिथे शुबर्टची नक्कल करून भगदाड लपवले नाही. तिथे सेलेस्टाचा मंद नाद उमटतो आणि बेरिओ यांचे स्वतःचे धूसर संगीत सुरू होते. हे वाद्य शुबर्टच्या हयातीत अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे मूळ कोठे संपते, हे श्रोत्याला तत्काळ कळते.

या प्रामाणिकपणातच खरा निकष आहे. वारसा घेणे हा दोष नव्हे; त्याचा हिशेब न ठेवणे हा दोष होय. जुनी गोड धून नव्या वेष्टनात विकणारा मुद्दल खातो. वारशातील पोकळी उघड दाखवून तिथे स्वतःचा स्वर ठेवणारा मुद्दलात भर घालतो. म्हणून नव्या कृतीत नावीन्य किती, हे विचारण्यापूर्वी तिने जुने ऐकण्याची आपली रीत बदलली काय, हे विचारावे. 'रेंडरिंग' या कसोटीस उतरते. शुबर्ट किती लवकर गेला, याची जाणीव कोणत्याही चरित्रग्रंथापेक्षा तिच्यातील त्या धूसर जागा अधिक तीव्रतेने करून देतात.