खिळ्याविना उभा वाडा

संपादकांना मूळ वस्तीकरांचा इतिहास हवा होता. तो चटकन सांगून होतो. घोड नदीच्या खोऱ्यातली काळी कसायला आले, पांढरीवर घर बांधलं, मिरासदार झाले. मागून आले ते उपरी. पूर्वजांचा पराक्रम दर भाऊबंदाच्या तोंडी निराळा, तो मी सोडून दिला.

मी अडकलो अवसरी खुर्दच्या गावठाणातल्या एका वाड्याच्या लाकडात. दाखवायला सुतारमामा होते. "भिंत काढली तरी घर पडायचं नाही," ते म्हणाले. भिंत हातभर जाड, पण ती ऊन-पावसासाठी आणि चोरासाठी. भार सगळा सागवानी खांबांवर. खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे बुडाला ओल लागत नाही. माथ्यावरचं कुसू तुळईच्या खाचेत. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटावर माती. पडवीतल्या मोकळ्या सांध्याची पाचर मामांनी दोन ठोक्यांत सैल केली, चिमटीत धरून काढली, "खिळा दिसतो का कुठं?" म्हणत परत बसवली.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारीला दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. खांब-तुळयांचे सांगाडे मात्र पुष्कळ ठिकाणी उभेच राहिले. अवसरी खुर्दमध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या पोरांनी एक दुपार मामांकडे काढावी, असं आपलं मला वाटतं.

पण जे पाचर काढून सुटं होतं, ते विकताही येतं. घर खणांवर मोजलेलं, वाटण्याही खणांवर झाल्या. एका भावानं वाट्याचे दोन खण मोडून लाकूड विकलं. जुन्या सागाला शहरात हॉटेलवाले, बंगलेवाले गिऱ्हाईक आहेत. कोरलेल्या खांबाला तर विचारूच नका. राजगुरुनगरचा हुतात्मा राजगुरूंचा वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. इथं कुणी हुतात्मा जन्मला नाही, तेव्हा या वाड्याला राखण फक्त वारसांची, आणि त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला.

खण निघाले तशी उरलेली तुळई एका बाजूनं अधांतरी झाली. वर मातीचं ओझं तेवढंच. पावसाळ्यात ती भिजून आणखी जड होते. एका खांबाला आतून वाळवीही लागली आहे. मामांनी बोटानं टकटक केलं, तर पोकळ वाजला. त्या जाडीचा सुका साग नवा घ्यायचा तर पैसे कुणी घालायचे, यावर भावांची बैठक अजून बसायची आहे. तोवर मामांनी मंचरहून लोखंडी पाइप आणून टेकू दिलाय. घरच्या आजींना तो डोळ्यांत खुपतो. मामा म्हणाले, "तपकिरी रंग मारून देतो, आजी."